‘भारतमाता’ : एका चित्राची राष्ट्रभाषा

राष्ट्र ही संकल्पना डोळ्यांना दिसत नाही. नदी दिसते, पर्वत दिसतो, शेत आणि गाव दिसते. परंतु या सर्वांना एका सूत्रात ओवणारे ‘राष्ट्र’ मनानेच पाहावे लागते. म्हणूनच आधुनिक काळातील जवळजवळ प्रत्येक राष्ट्रीय चळवळीने गीत, ध्वज, घोषणा आणि चित्र यांचा आश्रय घेतला. शब्द वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चित्र पोहोचते आणि वाचता येणाऱ्यालाही ते क्षणभर थांबायला लावते. भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात असे स्थान अवनींद्रनाथ टागोर यांच्या ‘भारतमाता’ (१९०५) या जलरंगचित्राला लाभले. सुमारे २७ सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे वहीच्या पानाएवढ्या या चित्राने पुढील पिढ्यांच्या राष्ट्रविषयक कल्पनेला आकार दिला.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हे चित्र अनेकांनी पाहिलेले असते. मात्र बहुतेकदा त्याखालील ओळ वाचून पान उलटले जाते. चित्र पाहणाऱ्याचे मन कसे वळवते, त्यासाठी कोणती साधने वापरते आणि काय जाणीवपूर्वक वगळते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वास्तविक, ज्याप्रमाणे भाषणाला वक्तृत्व असते त्याप्रमाणे चित्रालाही स्वतःचे वक्तृत्व असते. त्या वक्तृत्वाची घडण समजून घेणे हे कलेच्या अभ्यासकाइतकेच इतिहास आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही आवश्यक आहे.

फाळणीचे वर्ष

कोणत्याही चित्राचा अर्थ त्याच्या काळापासून वेगळा करता येत नाही. १९०५ मध्ये बंगाल प्रांताची लोकसंख्या पावणेआठ कोटींहून अधिक होती. एवढा मोठा प्रांत कारभाराला जड जातो, असे कारण देऊन व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या शासनाने त्याचे विभाजन जाहीर केले. पूर्व बंगाल व आसाम हा नवा प्रांत निर्माण झाला आणि ढाका ही त्याची राजधानी ठरली. प्रशासकीय सोय हे सांगितलेले कारण होते. राष्ट्रीय चळवळीचे केंद्र दुबळे करणे आणि हिंदू-मुस्लिम समाजांना परस्परांपासून दूर करणे हा त्यामागील राजकीय हेतू लोकांच्या लवकरच ध्यानात आला.

७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत बहिष्काराचा ठराव संमत झाला. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी फाळणी अमलात आली. त्या दिवशी रवींद्रनाथ टागोर यांच्या आवाहनानुसार लोकांनी परस्परांना राख्या बांधून ऐक्याची भावना व्यक्त केली. विलायती कापडाचा बहिष्कार, देशी मालाचा पुरस्कार आणि सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून राष्ट्रीय शिक्षण असे या आंदोलनाचे स्वरूप होते. बंगालबाहेरही त्याचे पडसाद उमटले. लोकमान्य टिळकांनी महाराष्ट्रात स्वदेशीचा प्रसार केला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली.

देशाला माता मानण्याची कल्पना या वेळी नवी नव्हती. १८७३ मध्ये किरणचंद्र बंदोपाध्याय यांचे ‘भारतमाता’ हे नाटक रंगभूमीवर आले होते. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘आनंदमठ’ (१८८२) या कादंबरीत मातृभूमीची भूत, वर्तमान आणि भविष्य अशी तीन रूपे देवीच्या तीन मूर्तींतून दाखविलेली आहेत. त्याच कादंबरीतील ‘वंदे मातरम्’ हे गीत १८९६ च्या कलकत्ता काँग्रेस अधिवेशनात गायले गेले आणि १९०५ नंतर ते रस्त्यावरची घोषणा बनले. शब्दांतील ही माता डोळ्यांपुढे उभी करण्याचे कार्य अवनींद्रनाथांच्या कुंचल्याने केले. प्रारंभी ही प्रतिमा ‘बंगमाता’ म्हणून कल्पिलेली होती. पुढे ती ‘भारतमाता’ झाली. प्रांताच्या दुःखातून राष्ट्राच्या भावनेकडे झालेला हा प्रवास केवळ नावातील बदल नव्हता. एका प्रांताच्या फाळणीचा प्रश्न साऱ्या देशाचा प्रश्न कसा झाला, याचे ते संक्षिप्त रूपच होते.

चित्रात काय दिसते

विश्लेषणाची पहिली पायरी म्हणजे साधे निरीक्षण. चित्रात एक तरुण स्त्री समोर उभी आहे. तिने भगव्या रंगाचे साधे, पायघोळ वस्त्र परिधान केले आहे. तिच्या मस्तकामागे प्रभावलय आहे. तिला चार हात असून त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ अशा चार वस्तू आहेत. पायांजवळ श्वेत कमळे आहेत. पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी, फिकट आणि धूसर आहे. चेहरा शांत, काहीसा अंतर्मुख आहे.

चित्रात काय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. शस्त्र नाही. सिंह किंवा अन्य वाहन नाही. मुकुट आणि अलंकारांचा भार नाही. शत्रू नाही, रणभूमी नाही, रक्त नाही. देशाचा नकाशा नाही आणि ध्वजही नाही. पुढील काळात भारतमातेच्या छापील चित्रांत यांपैकी बहुतेक गोष्टी आल्या. त्यामुळे आजचा प्रेक्षक मूळ चित्रातही त्या आहेत असे नकळत गृहीत धरतो. ‘भारतमाता’ म्हणताच सिंहासह उभी, हाती ध्वज घेतलेली आणि नकाशावर विराजमान अशी मूर्ती डोळ्यांसमोर येते. ती अवनींद्रनाथांची भारतमाता नव्हे. विद्यार्थ्यांनी हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

चार हातांचा युक्तिवाद

चार हात हे देवत्वाचे चिन्ह आहे. भारतीय मूर्तिपरंपरेत देवतेच्या हातांतील वस्तूंना ‘आयुधे’ म्हणतात आणि त्यांवरूनच देवता ओळखली जाते. शंख, चक्र, गदा, पद्म दिसताच विष्णू ओळखू येतो; वीणा आणि पुस्तक दिसताच सरस्वती. प्रेक्षकाला ही चित्रभाषा लहानपणापासून अवगत असते. अवनींद्रनाथांनी याच परिचित व्याकरणाचा उपयोग करून त्यात नवे शब्द भरले. त्यांच्या देवतेच्या हाती खड्ग किंवा त्रिशूळ नाही. पोथी, धान्य, वस्त्र आणि माळ आहे.

या चार वस्तूंचा अर्थ शिक्षण, अन्न, वस्त्र आणि दीक्षा असा सामान्यतः लावला जातो. त्या काळाच्या संदर्भात प्रत्येक वस्तू म्हणजे एकेक राजकीय विधान होते. शुभ्र वस्त्र पाहणाऱ्याला मँचेस्टरच्या कापडाचा बहिष्कार आणि देशी हातमाग आठवत असे. पोथीत राष्ट्रीय शिक्षणाची मागणी होती. १९०६ मध्येच बंगालमध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. भाताच्या लोंब्या ज्या समाजासमोर आल्या, त्याच्या मनात १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या स्मृती ताज्या होत्या. जपमाळेतून त्याग आणि निष्ठा सूचित होते. देशसेवा ही नोकरी किंवा व्यवहार नसून व्रत आहे, असा तिचा आशय आहे.

डिसेंबर १९०६ मध्ये दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांसंबंधी ठराव झाले. ठरावांच्या भाषेत जे मांडले गेले त्यातील बराचसा आशय चित्राने आधीच सुचविला होता. मात्र दोहोंच्या पद्धतीत फरक आहे. ठराव मागणी करतो. चित्र दान दाखवते. माता काही मागत नाही, ती देत आहे. ती जे देते ते परकीय सत्तेने हिरावून घेतले आहे, हा निष्कर्ष प्रेक्षकाने स्वतः काढायचा असतो. स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहज सोडत नाही. मन वळविण्याच्या कलेतील हे जुने आणि परिणामकारक तत्त्व आहे.

शैली हाच संदेश

अवनींद्रनाथांचा जन्म ७ ऑगस्ट १८७१ रोजी कलकत्त्यातील जोडासांको येथील टागोर कुटुंबात झाला. रवींद्रनाथ हे त्यांचे काका. प्रारंभी त्यांनी युरोपीय पद्धतीने चित्रकलेचे शिक्षण घेतले. कलकत्त्याच्या शासकीय कला विद्यालयाचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांनी त्यांचे लक्ष मुघल आणि राजपूत लघुचित्रांकडे वेधले. पुढे १९०५ मध्ये अवनींद्रनाथ त्याच विद्यालयाचे उपप्राचार्य झाले. ओकाकुरा काकुझो हे जपानी विचारवंत १९०२ मध्ये भारतात आले होते. त्यांच्यानंतर १९०३ मध्ये योकोयामा तायकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार कलकत्त्यात आले. त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी जलरंगांची ‘वॉश’ पद्धती विकसित केली.

या पद्धतीत रंगाचा पातळ थर दिल्यानंतर कागद पाण्यात भिजवला जातो आणि पुन्हा रंग दिला जातो. असे अनेकदा केल्याने रंग कागदात मुरतो, कडा विरघळल्यासारख्या होतात आणि आकृती धुक्यातून उमटल्याचा भास होतो. ‘भारतमाता’ या चित्रातील आकृती म्हणूनच एखाद्या ठिकाणी उभी असलेली स्त्री वाटत नाही. ती स्थळकाळाच्या पलीकडून प्रकट होत आहे, असे वाटते. पार्श्वभूमीवर गाव, नदी किंवा डोंगर दाखवला असता तर ती कोणत्या तरी एका प्रदेशाची ठरली असती. रिकाम्या पार्श्वभूमीमुळे ती कोठलीही, म्हणजेच सर्वत्रची होऊ शकली.

त्या काळी राजा रविवर्मा यांची तैलरंगातील देवदेवतांची चित्रे लोकप्रिय होती. १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या मुद्रणालयातून निघालेल्या रंगीत प्रती घरोघर पोहोचल्या होत्या. युरोपीय वास्तवदर्शी तंत्र आणि भारतीय विषय असा तो मेळ होता. अवनींद्रनाथांच्या बंगाल शैलीने नेमके हे तंत्रच नाकारले. अजिंठा, मुघल, राजपूत आणि जपानी परंपरांतून आशियाई चित्रभाषा घडविणे हीच कलेतील स्वदेशी होय, अशी ही भूमिका होती. विदेशी कापड नाकारणारी माता विदेशी शैलीत रंगविलेली नसावी, एवढी सुसंगती या चित्रात आहे. अर्थात रविवर्मांची चित्रेही राष्ट्रीय जाणिवेला पोषक ठरली होती, हे विसरता येत नाही. त्यामुळे दोन्ही प्रवाहांकडे एकमेकांचे शत्रू म्हणून पाहण्यापेक्षा एकाच प्रश्नाची दोन उत्तरे म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

मन वळविण्याचे तीन मार्ग

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने वक्तृत्वाचे तीन आधार सांगितले आहेत : वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याच्या भावनेला आवाहन आणि तर्कशुद्ध मांडणी. हीच कसोटी चित्राला लावता येते.

पहिला आधार विश्वासार्हतेचा. भगवे वस्त्र हे संन्यासाचे आणि निःस्वार्थाचे चिन्ह आहे. अलंकारांचा सोस नसलेली ही स्त्री स्वतःसाठी काही इच्छित नाही, असे प्रेक्षकाला पाहताक्षणीच जाणवते. प्रभावलय आणि कमळे या विश्वासाला पावित्र्याची जोड देतात.

दुसरा आधार भावनेचा. माता आणि अपत्य या नात्याला समजावून सांगावे लागत नाही. देश ‘माझा’ आहे असे म्हणताना मालकीची भावना येते. देश ‘माता’ आहे असे म्हणताना कर्तव्याची भावना येते. शिवाय या मातेचा चेहरा करुणेने भरलेला असला तरी ती रडत नाही. दीन, साखळदंडांत जखडलेली माता दाखविली असती तर प्रेक्षकाच्या मनात कीव निर्माण झाली असती. येथे ती आदर निर्माण करते.

तिसरा आधार तर्काचा. अन्न, वस्त्र, शिक्षण आणि आत्मिक बळ असलेला समाज स्वयंपूर्ण असतो. हे सर्व देण्याचे सामर्थ्य या भूमीत आहे. तेव्हा परकीय सत्तेवर अवलंबून राहण्याचे कारण उरत नाही. चार हातांच्या मांडणीत हा युक्तिवाद सामावलेला आहे. भावना आणि तर्क यांची अशी सांगड असल्यामुळेच चित्र केवळ शोभेचे राहिले नाही.

देलाक्रोआची ‘स्वातंत्र्यदेवता’ : एक तुलना

राष्ट्र किंवा स्वातंत्र्य यांना स्त्रीरूप देण्याची प्रथा युरोपातही होती. फ्रान्समध्ये ‘मारियान’ आणि जर्मनीत ‘जर्मानिया’ ही अशी रूपके होत. फिलिप फाइट याने १८४८ मध्ये रंगविलेल्या जर्मानियाच्या मस्तकावर ओकच्या पानांचा मुकुट आहे आणि जर्मन परंपरेत ओक हे शौर्याचे प्रतीक मानले जाते. या परंपरेतील सर्वाधिक गाजलेले चित्र म्हणजे यूजेन देलाक्रोआ याचे ‘लोकांचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’ (१८३०).

हे चित्र १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचे आहे असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ते जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये तीन दिवस चाललेल्या आणि राजा दहावा चार्ल्स याला पदच्युत करणाऱ्या उठावाचे आहे. सुमारे २६० सेंटिमीटर उंच आणि ३२५ सेंटिमीटर रुंद अशा या तैलचित्रात स्वातंत्र्यदेवता एका हाती तिरंगी ध्वज उंचावून आणि दुसऱ्या हाती संगीन लावलेली बंदूक घेऊन पुढे झेपावते. तिच्या डोक्यावर मुक्त गुलामांचे प्रतीक मानली गेलेली लाल टोपी आहे. तिच्याभोवती उंच टोपी घातलेला मनुष्य, तलवारधारी कामगार आणि दोन्ही हातांत पिस्तुले घेतलेला मुलगा आहे. खाली मृतदेह पडले आहेत आणि उजवीकडे धुरातून नोत्र-दाम चर्चचे मनोरे दिसतात. संपूर्ण रचना त्रिकोणाकृती असून तिचे टोक ध्वजापाशी आहे. प्रेक्षकाची नजर मृतदेहांवरून चढत ध्वजावर स्थिरावते.

दोन्ही चित्रांत स्त्री हेच रूपक आहे, पण आवाहनाची रीत वेगळी आहे. देलाक्रोआची देवता गतिमान आहे, अवनींद्रनाथांची स्थिर. एक प्रेक्षकाला लढ्यात ओढते, दुसरी त्याला अंतर्मुख करते. एकीच्या हाती शस्त्र आहे, दुसरीच्या हाती धान्य. एकीभोवती समाजातील निरनिराळ्या थरांतील माणसे आहेत, दुसरी एकाकी आहे. तिची लेकरे चित्राबाहेर, म्हणजे प्रेक्षकाच्या जागी उभी आहेत. एक चित्र घडून गेलेल्या विजयाचे स्मारक आहे, तर दुसरे अद्याप न घडलेल्या राष्ट्राचे स्वप्न.

देलाक्रोआचे चित्र १८३१ च्या कलाप्रदर्शनात मांडले गेले. नव्या राजवटीने ते विकतही घेतले. परंतु लोकांना पुन्हा उठावाची प्रेरणा मिळेल या धास्तीने ते दीर्घकाळ लोकांच्या नजरेआड ठेवले गेले. १८७४ मध्ये ते लूव्र संग्रहालयात आले. क्रांतीतून सत्तेवर आलेल्या राजवटीलाच क्रांतीच्या चित्राची भीती वाटावी, यातच चित्राच्या शक्तीची कबुली आहे.

एका चित्रापासून असंख्य प्रतिमांपर्यंत

‘भारतमाता’ या चित्राचे महत्त्व प्रथम ओळखणाऱ्यांमध्ये भगिनी निवेदिता अग्रगण्य होत्या. या चित्राच्या हजारो प्रती छापून केदारनाथपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरात त्या पोहोचवाव्यात, अशा आशयाची इच्छा त्यांनी लेखनातून व्यक्त केली. रामानंद चटर्जी यांच्या ‘प्रबासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांनी बंगाल शैलीतील चित्रे सुशिक्षित वर्गापर्यंत नेली. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट’ या संस्थेने या शैलीला व्यासपीठ मिळवून दिले.

मात्र सामान्य माणसाच्या भिंतीवर जी भारतमाता पोहोचली ती शिळामुद्रणाच्या बाजारपेठेतून. कलकत्त्याचा आर्ट स्टुडिओ आणि पुण्याची चित्रशाळा यांसारख्या संस्थांनी १८७८ पासूनच स्वस्त रंगीत चित्रांची परंपरा रुजवली होती. पुढील दशकांत या बाजारपेठेने मातेला नकाशा, ध्वज, सिंह आणि मुकुट दिला. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी दिल्यानंतर निघालेल्या छापील चित्रांत हुतात्मा मातेच्या चरणी आपले शिर अर्पण करीत असल्याचे दाखविलेले आढळते. दान देणारी माता येथे बलिदान स्वीकारणारी झाली. प्रतिमा एकदा लोकांच्या हाती गेली की तिचा अर्थ चित्रकाराच्या ताब्यात राहत नाही, हे यावरून दिसते.

वाराणसी येथे शिवप्रसाद गुप्त यांनी उभारलेल्या भारतमाता मंदिराचे उद्घाटन १९३६ मध्ये महात्मा गांधी यांच्या हस्ते झाले. तेथे मूर्ती नाही. संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. अवनींद्रनाथांनी भूमीऐवजी माता दाखविली, तर येथे मातेऐवजी भूमी दाखविली गेली.

मर्यादा आणि मतभेद

प्रभावी प्रतिमा जोडते. त्याचबरोबर ती कोणाला तरी दूर ठेवण्याचीही शक्यता असते. चार हात, प्रभावलय आणि कमळे ही चित्रभाषा हिंदू प्रेक्षकाला सहज उमगणारी होती. मूर्तिरूपातील उपासना ज्यांच्या श्रद्धेत बसत नाही अशा देशबांधवांना मात्र देशप्रेम आणि देवीपूजा यांचा हा संगम अडचणीचा वाटू शकत होता. स्वदेशी चळवळीत मुस्लिम समाजातील अनेक नेते व कार्यकर्ते सहभागी होते; तरीही पूर्व बंगालमधील मुस्लिम शेतकऱ्यांचा मोठा वर्ग तिच्यापासून दूर राहिला. त्याची आर्थिक आणि राजकीय कारणे महत्त्वाची होतीच. धार्मिक प्रतीकांचा वापर हेही एक कारण म्हणून इतिहासकार नमूद करतात.

या धोक्याची जाणीव टागोर घराण्यातच प्रथम प्रकट झाली. स्वदेशीच्या प्रारंभी अग्रभागी असलेल्या रवींद्रनाथांनी ‘घरे-बाइरे’ (१९१६) या कादंबरीत राष्ट्राला देवता मानून सत्य आणि न्याय यांना दुय्यम ठरविण्याच्या वृत्तीची कठोर चिकित्सा केली. १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने राष्ट्रीय समारंभांत ‘वंदे मातरम्’ची पहिली दोन कडवी गावीत असा निर्णय घेतला, त्यामागेही सर्वांना सामावून घेण्याचाच विचार होता. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी ‘भारताचा शोध’ या ग्रंथात शेतकऱ्यांशी झालेल्या संवादाचे वर्णन केले आहे. ही माता म्हणजे डोंगर, नद्या आणि शेते तर आहेतच, पण त्याहून अधिक या देशातील कोट्यवधी माणसे होत, असा अर्थ त्यांनी मांडला.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा आहे. राष्ट्राला स्त्रीरूप दिल्याने प्रत्यक्षातील स्त्रीचे स्थान आपोआप उंचावत नाही. मारियानची पूजा करणाऱ्या फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. अमृता शेर-गिल यांनी १९३५ मध्ये ‘मदर इंडिया’ या नावाचे चित्र रंगविले. त्यात प्रभावलय नाही, कमळ नाही. आहे ती मुलांना जवळ घेऊन बसलेली, थकलेल्या चेहऱ्याची गरीब स्त्री. अवनींद्रनाथांची माता अन्न आणि वस्त्र देते. शेर-गिल यांच्या मातेला त्यांचीच वानवा आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे आदर्श आणि वास्तव यांतील अंतर ध्यानात येते.

अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस यांनी तिसरा मार्ग दाखविला. १९३० मध्ये दांडीयात्रेला निघालेल्या गांधीजींचे त्यांचे लिनोकट, आणि १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी रंगविलेली शेतकरी, कारागीर, वादक व कष्टकरी स्त्रियांची भित्तिपत्रे यांत राष्ट्र देवतेच्या रूपात नसून माणसांच्या रूपात अवतरते. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीचे सुशोभनही नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. देवतेपासून नागरिकापर्यंतचा हा प्रवास भारतीय राष्ट्रवादाच्याच विकासाचे द्योतक आहे.

अभ्यासाची पद्धत

केंद्रीय नागरी सेवा परीक्षेच्या सामान्य अध्ययनात भारतीय कला आणि आधुनिक इतिहास हे दोन्ही विषय समाविष्ट आहेत. चित्रावर आधारित उत्तर लिहिताना विद्यार्थी बहुधा थेट अर्थावर उडी घेतात. त्याऐवजी चार टप्प्यांचा क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम, चित्रात प्रत्यक्ष काय आहे आणि काय नाही याचे वर्णन. दुसऱ्या टप्प्यात प्रतीकांचा अर्थ आणि त्यांचा तत्कालीन संदर्भ. तिसऱ्या टप्प्यात माध्यम, आकार, रंग आणि रचना यांनी तो अर्थ कसा दृढ केला याचा विचार. शेवटी, चित्र कोणाला उद्देशून आहे, कोण त्याच्या कक्षेबाहेर राहते आणि काळाच्या ओघात त्याचा अर्थ कसा बदलला याचे मूल्यमापन.

या क्रमामुळे दोन टोके टाळता येतात. चित्र पवित्र आहे म्हणून त्याची चिकित्साच नको, हे एक टोक. चित्र म्हणजे निव्वळ प्रचार, हे दुसरे. चिकित्सा केल्याने ‘भारतमाता’ या चित्राचे मोल कमी होत नाही. उलट, शस्त्रबळ आणि राजसत्ता हाती असलेल्या साम्राज्याविरुद्ध एका चित्रकाराने पोथी, लोंबी, वस्त्र आणि माळ यांच्या साहाय्याने जो युक्तिवाद उभा केला, त्याची उंची अधिक स्पष्ट होते.

बंगालची फाळणी १९११ मध्ये रद्द झाली. अवनींद्रनाथांनी स्वातंत्र्य पाहिले, आणि त्यासोबत १९४७ मधील बंगालचे दुसरे विभाजनही पाहिले. ५ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रातील मातेच्या हाती असलेल्या चार वस्तूंपैकी अन्न, वस्त्र आणि शिक्षण या तीन पुढे स्वतंत्र भारताच्या विकासनियोजनाचा गाभा ठरल्या. राज्यघटनेत २००२ मध्ये झालेल्या ८६ व्या दुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा संमत झाला. १९०५ मध्ये जे मातेचे दान म्हणून रंगविले गेले, ते आता नागरिकाचा हक्क म्हणून मान्य झाले आहे. हा हक्क शेवटच्या माणसापर्यंत किती पोहोचला, या कसोटीवर पुढील प्रत्येक पिढीला त्या चित्राकडे पुन्हा पाहावे लागेल.